ताटाचा उलटा लिलाव

“फोन इथं ठेवा, ताई. आत न्यायचा न्हाई.”

गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याने प्लास्टिकचा ट्रे माझ्यापुढे सरकवला. हा माणूस रोज दुपारी माझ्या कँटीनमध्ये आमटी दोनदा मागून घ्यायचा, आणि आज तोंडावर ओळखसुद्धा दाखवत नव्हता.

“अरे, मी कँटीनची. विसरलास काय?”

“विसरतोय कशाला? पर तुमी रोज मागच्या दारानं जाता. ऑफिसात जायचं म्हंजे फोन हितंच. आन् बंद करून ठेवा, उगं वाजत बसतोय.”

मी फोन बंद करून ट्रेमध्ये टाकला आणि ऑफिसच्या बिल्डिंगकडे निघाले. त्या फोनवाचून पुढच्या दोन तासांत काय होणार आहे हे तेव्हा कळलं असतं, तर मी तो ट्रे त्याच्या अंगावर फेकला असता.

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतली ही फाउंड्री. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. सहाशे कामगार दुपारी माझ्याकडे जेवायचे. कँटीन आधी आईचं होतं. ती थकल्यावर मी घेतलं. माझ्याकडे अठरा बायका कामाला होत्या. कणेरीच्या, कागलच्या, दोघी-तिघी विधवा, एकीचा नवरा अंथरुणाला खिळलेला. कँटीनचा ठेका गेला तर त्या अठराजणी दुसऱ्या दिवशी घरी बसणार, हे मलाही माहीत होतं आणि त्यांनाही. सकाळी निघताना हौसाक्काने चपात्या लाटता लाटता विचारलंच होतं.

“ताई, ते कांपूटरवर काय हाय, त्यात आपलं काम राहतंय न्हवं?”

“राहतंय. घाबरू नकोस.”

“मी न्हाई घाबरत. ह्या समद्या घाबरल्यात.” एवढं बोलून तिने स्वतःची चपाती करपवली.

कंपनीचे ॲडमिन मॅनेजर देशिंगकर साहेब जिन्याच्या तोंडाशीच उभे होते. बारीक आवाजाचा, हात जोडून बोलणारा माणूस. कुणावर ओरडले असं कधी ऐकलं नाही. दर मार्चमध्ये ठेका तेच द्यायचे.

“या, वैजयंताताई. तुमच्या भागात सकाळचं लोडशेडिंग असतं ना, म्हणून म्हटलं, आमच्या ट्रेनिंग रूममध्येच बसा. नेट चांगलं आहे. एसी आहे.”

“साहेब, अकरा वर्षं तुम्हाला जेवू घालतोय आम्ही. हे सगळं कशाला पाहिजे होतं?”

“अहो, मला कुठे पाहिजे होतं? हेड ऑफिसचा आदेश. आता हातमोजे, पॅकिंगची खोकी, कामगारांच्या बस, सगळं ऑनलाइन उलट्या लिलावानेच घेतात. साध्या लिलावात बोली वर चढते, यात खाली उतरते. सगळ्यात कमी दर ज्याचा, काम त्याचं. कोण समोर आहे ते कुणाला दिसत नाही, म्हणजे लबाडीला जागाच नाही. आणि कंपनीला स्वस्त पडतं.”

“दिसत कुणालाच नाही?”

“व्हेंडरला नाही दिसत,” ते म्हणाले आणि मला खुर्ची ओढून दिली.

मग दार लोटून घेऊन ते जरा वाकले. “तुमच्या भल्यासाठी सांगतो. पुण्याची एक मोठी पार्टी उतरली आहे. पन्नास कंपन्यांची कँटीन चालवतात. पूर्ण तयारीनिशी आलेत. सुरुवातीलाच घसघशीत कमी भरा, म्हणजे ते बिचकतील. मी बोललो असं म्हणू नका.”

मला त्या क्षणी त्यांचे उपकार वाटले. खरंच वाटले.

माझा चालू दर होता ताटाला अडतीस रुपये. तीन चपात्या, एक उसळ, एक पालेभाजी, आमटी, भात, ताक आणि बुधवारी एक अंडं. त्या वर्षी डाळी अशा कडाडल्या होत्या की अडतीसमध्ये माझ्या हाती काहीच राहत नव्हतं. यंदा चाळीस मागायचे आणि चाळीसच्या खाली यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. आदल्या दिवशी माझ्या रत्नाक्काचे यजमान, आमचे आनंदराव दाजी, फोनवर सहज म्हणाले होते, “यंदा किती भरणार, वैजू?” त्यांनाही मी छातीठोकपणे सांगितलं होतं, “चाळीस. एक पैसा खाली नाही.”

आणि आता त्या एसीत बसून, देशिंगकरांच्या भल्याच्या सल्ल्याने, मी पहिलाच आकडा टाकला साडेसदतीस.

आपला पहिला आकडा टाकेपर्यंत स्क्रीन कोरीच होती, आणि त्यानंतरही दोनच गोष्टी दिसत होत्या. सध्याचा सगळ्यात कमी दर, आणि आपला क्रमांक. माझ्यापुढे एक हिरवा चौकोन आला. क्रमांक एक. वर घड्याळ उलटं चालत होतं. मी पदराने कपाळ टिपलं. पाच मिनिटं तसाच हिरवा चौकोन राहिला, आणि मला वाटलं, बिचकले पुणेवाले.

मग चौकोन लाल झाला. क्रमांक दोन. सगळ्यात कमी दर, सदतीस पंचवीस.

“आला का रे,” मी मोठ्याने म्हणाले. खोलीत कुणी नव्हतं. मी सदतीस टाकले. तो छत्तीस पंचाहत्तरवर गेला. मी छत्तीस, तो पस्तीस पंचाहत्तर. दरवेळी मी उतरले की तो बरोबर चार आण्यांनी माझ्याखाली जायचा. चार आणे! हजारो ताटांची कंपनी आणि चार आण्यांनी भांडतेय. माझ्या डोळ्यांपुढे पुण्यातला कुणी टाय लावलेला पोरगा येत होता, कॉफी पीत बोटाने बटण दाबणारा, ज्याने आयुष्यात कधी आमटीला फोडणी दिली नसेल. मी त्याला मनातल्या मनात अशा शिव्या दिल्या, की आईने ऐकल्या असत्या तर तिने माझं तोंड फोडलं असतं.

वेळ संपत आली की सुटका होईल असं वाटायचं. पण शेवटच्या तीन मिनिटांत कुणी नवा दर टाकला की घड्याळ आणखी तीन मिनिटं पुढे जायचं. म्हणजे जोवर कुणी एक थकत नाही तोवर लिलाव संपतच नव्हता. चौतीसला मी ताटातलं ताक काढलं. तेहतीसला बुधवारचं अंडं गेलं. भट्टीपुढे आठ आठ तास उभा राहणारा माणूस, आणि मी त्याचं आठवड्यातलं एक अंडं चार आण्यांसाठी सोडून देत होते. पामतेल हलकं आणू, असं म्हणत बत्तीसपर्यंत आले. तिथून खाली ताटात काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिथून खाली बायकाच होत्या.

मधे देशिंगकर एकदा डोकावून गेले. “चाललंय ना? छान, छान. चहा पाठवू?”

“साहेब, हा माणूस वेडा आहे का? या दरात जेवण होतच नाही.”

“बाजार आहे, ताई. बाजारच ठरवतो,” ते म्हणाले. त्यांच्या केबिनची काच माझ्या खुर्चीतून दिसत होती. तेही स्क्रीनकडेच बघत होते, अगदी रंगून, टीव्हीवर मॅच बघावी तसे.

मी एकोणतीस टाकले. चौकोन हिरवा झाला, आणि लगेच लाल. अठ्ठावीस पंचाहत्तर.

मी पुढचा आकडा टाकायला हात उचलला आणि माझ्या लक्षात आलं, की मी मनात त्या अठराजणींना मोजतेय. कुणाला काढायचं? गंगूबाई म्हातारी आहे, तिचा हात सावकाश चालतो, तिच्यापासून सुरू करू. असं मी चक्क ठरवत होते. माझी मलाच किळस आली. मी कीबोर्ड ढकलून दिला आणि हाताची घडी घालून बसले. तीन मिनिटं गेली. लिलाव संपला. धन्यवाद, असं स्क्रीनवर आलं.

मी देशिंगकरांकडे न बघता खाली उतरले. गेटवर फोन घेतला आणि सुरू केला, तर तो हातातच वाजायला लागला. दाजी.

“वैजू! अगं, आहेस कुठं? किती फोन केले तुला! बंदच लागतोय! अगं, जिंकलो आपण!”

“कोण जिंकलं?”

“आपण! पुण्यावाल्याला पार लोळवला बघ. चार आणे, चार आणे करत खेचत नेला. एकोणतीसवर दम तुटला त्याचा. अठ्ठावीस पंचाहत्तरला काम आपल्या घरात!”

एकोणतीसवर दम माझा तुटला होता.

“दाजी, तुम्ही कुठून भरलंत?”

“कुठून म्हणजे? दुकानातून. ‘आनंद एंटरप्रायझेस’! येतो, पेढे घेऊन निघालोच,” आणि त्यांनी फोन ठेवला.

हे आनंद एंटरप्रायझेस काय होतं, ते सांगायला हवं. कंपनीच्या फाइलला प्रत्येक कामासाठी तीन कोटेशनं लागायची. आईच्या वेळेपासून देशिंगकर म्हणायचे, “एक तुमचं, बाकीची दोन तुम्हीच आणा. मी कुठे शोधत बसू?” आमच्या एमआयडीसीत सगळेच असं करायचे. बायकोच्या नावाचं एक लेटरहेड, मेव्हण्याच्या नावाचं एक. आईने एक दाजींच्या नावाचं छापून घेतलं आणि एक मामांच्या. दाजींचं जयसिंगपूरला झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान. त्यांनी आयुष्यात कुणाला चहासुद्धा करून घातला नव्हता, पण दरवर्षी आमच्यापेक्षा दोन रुपये जास्त दर लिहून, सही-शिक्का मारून कोटेशन पाठवायचे. मामा वारल्यावरही दोन वर्षं मामांचं कोटेशन येत होतं, आणि कंपनीत कुणाला काही वाटलं नाही. सगळा कागदाचा खेळ. ऑनलाइन सुरू झाल्यावर तो खेळ संपला, असं मी धरून चालले होते.

मी कँटीनच्या स्वयंपाकघरात गेले. जेवणाची घंटा व्हायची होती. अठराजणींचे हात एकदम थांबले.

“काय झालं, ताई?”

“दाजी येतायत. मग सांगते.”

“दाजी कशाला?”

“हौसाक्का, भात उतर आधी.”

दाजी तासाभरात मोटरसायकलवर आले. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, हातात पेढ्यांचा पुडा आणि चेहरा असा, की लग्नातही तो एवढा फुलला नव्हता. मी बाहेर येऊन त्यांना थांबवेपर्यंत ते स्वयंपाकघरात शिरलेसुद्धा होते.

“घ्या, घ्या! तोंड गोड करा! काम राहिलं तुमचं!”

पिठाचे हात पदराला पुसत बायकांनी एकेक पेढा घेतला. गंगूबाईने अर्धा खाल्ला आणि अर्धा पदरात बांधला. मी दाजींचा दंड धरून त्यांना पाण्याच्या टाकीमागे नेलं.

“तुम्ही मला सांगितलं का नाहीत?”

“सांगायचं नाही म्हणून बजावलेलं. देशिंगकर साहेबांच्या ऑफिसातून फोन आला, की पुण्याची एक पार्टी आलीय, पण नियमाने तीन लागतात, त्याशिवाय लिलावच घेता येत नाही. तुमच्या फर्मचं तेवढं रजिस्ट्रेशन करा, आणि हे गोपनीय असतं, कुणाला बोलू नका. मला वाटलं, दरवर्षीचंच आहे. डिपॉझिट भरलं, पंचवीस हजार. तुझ्या आक्काची भिशी लागली होती, त्यातून. म्हटलं, परत तर मिळणारच आहे. नेहमीसारखा वरचा दर टाकला, बेचाळीस, आणि गप्प बसलो.”

“मग खाली का आलात?”

“आता बघ! तू म्हणालेलीस, चाळीसच्या खाली येणार नाही. आणि स्क्रीनवर एकदम साडेसदतीस! म्हटलं, ही आपली वैजू नव्हे. हा पुण्यावाला. तुला फोन लावला, बंद. परत लावला, बंद. म्हटलं, हिचं नेट गेलं बहुतेक, आणि तिकडं तो काम घेऊन चाललाय. आईंनी उभं केलेलं कँटीन डोळ्यांदेखत जाऊ देऊ? घरात कुणाच्याही नावावर आलं तरी आपलंच की!”

ते माझ्याकडे शाबासकीसाठी बघत होते. मी त्यांना सांगितलं. साडेसदतीस मी होते. छत्तीस मी होते. एकोणतीसही मीच होते.

दाजी टाकीच्या कट्ट्यावर बसले. “म्हणजे मी… तुझ्याशीच…”

“उठा,” मी म्हणाले. “वर चला.”

या खेपेला मी फोन गेटवर ठेवला नाही. सिक्युरिटीवाल्याने माझा चेहरा बघून ट्रे मागे ओढला.

देशिंगकर साहेब केबिनमध्ये होते. दाजींच्या हातात पुडा तसाच होता. त्यांनी दाजींच्या हातातला पुडा बघितला, हसले, आणि एक पेढा उचलून तोंडात टाकला. “अभिनंदन, आनंदराव. फार जोरदार झाला लिलाव.”

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

“साहेब, तुमच्या स्क्रीनवर नावं दिसत होती?”

“हो. खरेदी करणाऱ्याला दिसतात.”

“मग आम्ही दोघं एकमेकांचा गळा कापतोय, हे तुम्ही बसून बघत होतात? मी पलीकडच्या खोलीत होते! दार उघडून एक शब्द सांगता आला नसता?”

“नियमात बसत नाही, ताई. लिलाव सुरू असताना व्हेंडरशी बोलायला सक्त मनाई आहे.”

“चहा विचारायला आलात तेव्हा नव्हती मनाई? सुरुवातीलाच कमी भरा म्हणून कानात सांगितलंत, ते कुठल्या नियमात बसतं?”

“मी तसं काही बोललो नाही,” ते शांतपणे म्हणाले.

दाजी आजवर त्यांच्यापुढे कधी मान वर करून बोलले नव्हते. ते पुढे झाले. “साहेब, एकाच घरातून तीन तीन कोटेशनं तुम्ही मागवायचात, ते बसत होतं का नियमात? मला फोन करून तुम्हीच उतरवलंत यात. पार्टी कमी पडत होती म्हणून.”

“आनंदराव, आवाज खाली. तुमची फर्म स्वतंत्र आहे. कागदावर तरी आहे. स्वतंत्र फर्मने स्वतंत्र दर भरला. आता त्या दराने काम करायचं, नाहीतर दोघांचंही डिपॉझिट जप्त. सिस्टिम आहे, मी काय करणार?” मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज आणखी बारीक केला. “पण मी माणूस आहे. तुमच्या बायकांची मलाही काळजी आहे. रोज जेवतात किती? सहाशे. तुम्ही आठशे ताटं लावा. रजिस्टरवर सही माझीच असते. कोण मोजायला येतंय?”

दाजींची बोटं हवेत हलली. हिशोबाला ते फार पटाईत. “आठशेला तेवीस हजार,” ते पुटपुटले. “जुन्या दराने सहाशेला बावीस हजार आठशे. वैजू… बसतंय. वर दोनशे उरतात.”

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा दोष नव्हता. आक्काची भिशी गेली होती, आणि ज्या हाताने घर वाचवायला गेले त्याच हाताने ते पाडलं होतं. त्यांना काहीही करून ते परत उभं करायचं होतं. मलाही एक क्षण गंगूबाई दिसली, अर्धा पेढा पदरात बांधताना. नाही म्हटलं तर ती उद्यापासून कुठे जाणार होती?

पण मला राग आला होता, आणि त्या दिवशी माझ्याजवळ शाबूत असलेली ती एकच गोष्ट होती.

“म्हणजे साहेब, लबाडीला जागा नको म्हणून तुम्ही हा लिलाव आणलात. आणि त्याचा दर पाळायचा तर मी रोज दोनशे खोटी ताटं लिहायची.”

“खोटी कशाला म्हणता? ॲडजस्टमेंट.”

“जो माझ्या पंगतीला बसलाच नाही, तो जेवून उठला असं मी लिहिणार नाही. आईने एवढी वर्षं ताटं वाढली, एक खोटं लावलं नाही. मी सहाशेच लिहिणार, आणि त्या दराने काम करणार नाही. दोघंही करणार नाही. डिपॉझिट खा तुम्ही.”

“वैजू,” दाजी म्हणाले.

देशिंगकरांना राग आला नाही. येतच नसे. त्यांनी स्क्रीन स्वतःकडे वळवली. “ठीक आहे. मग नियमाप्रमाणे तिसऱ्या पार्टीला पत्र जाईल. पुण्याच्या.”

“जाऊ द्या की. अठ्ठावीसात तीही मरेल.”

“अठ्ठावीस कशाला? त्यांचा दर वेगळा आहे. तुम्ही दोघांनी माघार घेतल्यावर त्यांचा जो शेवटचा आकडा होता तोच धरणार. एक्केचाळीस.”

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. “किती?”

“एक्केचाळीस. सुरुवातीला एकदाच भरला त्यांनी. पुन्हा काही आलेच नाहीत. मला वाटतं, त्यांचा माणूस उठून गेला असावा.”

दाजी हळूच म्हणाले, “म्हणजे वैजूने चाळीस भरले असते… तिच्या मनातले होते तेवढे…”

“तर तिथेच काम ताईंना मिळालं असतं,” देशिंगकर म्हणाले. “पहिल्या मिनिटापासून लिलावात तुम्ही दोघंच होता.” आणि खरं सांगते, ते कौतुकाने म्हणाले. त्यांनी आम्हाला स्क्रीनवर एक आलेख दाखवला. बेचाळीसपासून निघून पायऱ्या पायऱ्यांनी खाली गेलेली एक लाल रेघ. “हा मघाशीच हेड ऑफिसला पाठवला. एका तासात तेरा रुपये पंचवीस पैसे. आजवरच्या लिलावांत सगळ्यात जास्त, असं त्यांचं उत्तरही आलं.”

“आता तर एक्केचाळीसने देणार ना काम? मग बचत कसली?”

“तो पुढचा भाग झाला. तो वेगळ्या रिपोर्टमध्ये येतो.”

आम्ही उठलो. दाजींना जिना नीट दिसत नव्हता, मी त्यांचा हात धरला. खाली जेवणाची पंगत संपत आली होती. हौसाक्का दारात उभी होती. मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, महिनाअखेरपर्यंत आपण, पुढे पुणेवाले. ती रडली नाही.

“आन् आमी?”

“त्यांना बायका लागतीलच. मी तुमची नावं देते त्यांना.”

“देशील की. पर आमाला इचारल का त्यो?” असं म्हणून ती आत भांडी उचलायला गेली. पुढे पुणेवाल्यांनी अठरातल्या सातजणींना ठेवलं, कमी पगारावर. गंगूबाईला नाही ठेवलं. आता माझी हायवेला एक छोटी खानावळ आहे, तिथे हौसाक्का आहे आणि आणखी चौघी. बाकीच्यांना मी सामावून घेऊ शकले नाही. दाजींना पंचवीस हजार मी हप्त्याहप्त्याने परत केले, पण त्यांनी दुकानातला ऑनलाइन फॉर्मचा बोर्ड त्याच आठवड्यात उतरवला तो उतरवलाच.

त्या दुपारी दाजी रिकाम्या बाकावर बसले होते. समोर ताट वाढून ठेवलं होतं, पण त्यांनी शिवलं नव्हतं. तेवढ्यात देशिंगकर आले. ऑफिसची माणसं कामगारांनंतर जेवायची, त्यांची ती नेहमीची वेळ होती. हात धुऊन, रुमालाने पुसत ते आपल्या ठरलेल्या जागेवर येऊन बसले, दाजींपासून दोन बाकं सोडून. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, रोज हलवायचे तशी.

बायका माझ्याकडे बघत होत्या. कुणीच जागची हलेना. भूक लागलेला माणूस पानावर येऊन बसला होता, आणि आमच्या घरात बसलेल्याला उठवायची रीत नव्हती. मी ताट घेतलं. तीन चपात्या, उसळ, पालेभाजी, आमटी, भात, ताक. बुधवार होता, अंडंही वाढलं. एक पदार्थ कमी केला नाही.

त्यांनी सावकाश, चवीने खाल्लं. मग वाटी पुढे केली आणि म्हणाले, “आमटी छान झाली आहे आज. थोडा भात आणखी.”

मी भात वाढला. एवढी वर्षं झाली, त्या लिलावाचा राग येतोच. पण त्याहून जास्त त्या भाताचा येतो.